किती पाण्यात

सरांनी वही दिली, जुन्या हजेरीची,
मागची पानं कोरी.
"कराडवाल्या किती पाण्यात आहेत, बघून ये.
तुला काय, आज नाहीतरी खेळायचं नाही."
आजच काय, सर.
हे वहीत लिहिलं नाही.

सांगलीतल्या आमच्या हॉलच्या भिंतीवर
एक निळी पट्टी आहे.
पुराचं पाणी इथवर चढलेलं. शेजारी साल.
पट्टीखाली पोपडे, वर रंग.
तिच्या जवळून जाताना प्रत्येकजण
नकळत स्वतःला मापून घेतो.
नऊ नंबर तिथंच टेकून नाडी आवळत होती;
सरळ झाली, तर पट्टी तिच्या कानाच्या पाळीशी.
माझ्या डोक्यावरून चार बोटं जाते.

लिहिलं : नऊ. मुजावर. डावखुरी.
आत घुसते ती डावीकडूनच,
उजव्या हातात चेंडू पाहुण्यासारखा,
टेकला न टेकला की उठतो.
फ्री थ्रोआधी तीन टप्पे, एक श्वास,
बाहीला नाक.
हुकला तरी बेंचकडं बघत नाही.
(हे आपल्यासाठी वाईट.)
अकरा नंबर जिला पास द्यायचा
तिच्याकडं आधी बघते,
बिचारी, अख्ख्या हॉलला सांगून देते.
सहाला दम लागतो, पण कबूल करत नाही.
पाच बुटकी, तोंडाळ,
रेफरीलाही "ओ काका" म्हणते.
झोन लावतात. कोपरे उघडे.

माझे वडील मार्केट यार्डात तोलाईला.
म्हणतात, वरची हळकुंडं
सगळ्यांचीच पिवळी असतात,
पोत्यात हात घालायचा तो बुडापर्यंत.
म्हणून हाफटाइमला मी नळाकडं गेले.

मुजावर एकटीच. रसवाल्याकडचा बर्फ
रुमालात गुंडाळून उजव्या घोट्यावर.
घोटा कसला, ओल्या आल्याचा गड्डा.
"तू नाही खेळत?"
"राखीव."
"मीपण होते दोन वर्षं," ती म्हणाली. बर्फ फिरवत राहिली.
मग एकदम, "आमच्या सरांना बोलू नकोस हं."
मी मान हलवली.
तुमच्या सरांना कशाला बोलेन.

दुसऱ्या हाफमध्ये मग दुसरं काही दिसेचना.
प्रत्येक उडी डाव्या पायावर उतरत होती,
सोळा पॉइंट, आणि सगळे
एका पायावरचे.
माझी पेन्सिल दोनदा टेकली आणि उचलली.

दुपारी आमची प्रॅक्टिस.
वरच्या पायरीवर कराडची एक पोरगी, मांडीवर वही.
पाणी प्यायला गेले ते मुद्दाम तिच्या मागून.
"सात : हात फार लावते, फाउल काढा.
दहा : लांबून मारते.
चार : चिडवली की चुकते."
पान उलटेपर्यंत थांबले.
चौदा नव्हतंच.
आधी राग आला,
मग बराच वेळ काहीतरी दुसरंच आलं,
त्याला काय म्हणतात माहीत नाही.

संध्याकाळी कोळेकर सर वही चाळत होते,
चहात बिस्किट विरघळून गेलं तरी लक्ष नाही.
"मुजावरचं एका ओळीत सांग."
"उजवीकडं वळवायची तिला."
"डावखुरी आहे म्हणून ना?"
"हो."
खोटं नव्हतं ते.
निम्मं पोतं खरंच होतं.
सरांनी वही मिटली. "मग उद्या तिच्यावर तूच थांब.
तुला त्यांनी बघितलेलं नाही."

हॉलला कुलूप लागायच्या आधी
शिपाईमामांना म्हटलं, दोन मिनिटं.
भिंतीला पाठ लावली.
टाळूवर हात ठेवून पट्टी चाचपली :
चार बोटं.
टाचा उचलल्या.
दोन राहिलीच.